ग्रामण्य आणि शुद्धिपत्र

गावाने एखाद्या कुटुंबास वाळीत टाकले म्हणजे त्याच्या दाराशी शिपाई येऊन उभा राहत नसे, त्याच्या शेतावर जप्ती येत नसे, की त्याच्या कर्त्या पुरुषास चावडीवर नेऊन फटके मारले जात नसत. न्हावी येईनासा होई, परीट कपडे नेईनासा होई, उपाध्याय श्राद्धपक्ष चालवावयास नकार देई, विहिरीवर त्या घरची बाई दिसताच इतर बायका आपापल्या घागरी उचलून बाजूस होत, लग्नाच्या अक्षता त्या दारावरून तशाच पुढे जात, आणि घरात कोणी मेले तर प्रेत उचलावयास चार खांदे मिळत नसत. यांपैकी एकही गोष्ट स्वतंत्रपणे पाहिली तर अपराध म्हणण्याजोगी नव्हती. कोणी काही केले असे नव्हतेच, प्रत्येकाने काहीतरी करावयाचे सोडून दिलेले असे, आणि या सोडून देण्याची बेरीज मात्र इतकी जड होई की, भलेभले वतनदार आणि शास्त्रीपंडितही तिच्याखाली वाकत.

जुन्या कागदांत या प्रकरणांस ग्रामण्य असे नाव आहे. ब्राह्मणांच्या ग्रामण्यांविषयी लेखन पुष्कळ झाले, कारण लिहिणारे बहुधा तेच होते. पण सोनार, प्रभू, मराठे, कोष्टी, तेली, अशी कोणतीही जात या शस्त्रावाचून नव्हती, आणि एका जातीने दुसरीवर उभारलेली ग्रामण्ये तर पिढ्यान्‌पिढ्या चालत. प्रबोधनकार ठाकरे यांनी १९१९ साली ग्रामण्यांचा साद्यंत इतिहास म्हणून जे पुस्तक लिहिले, त्याला चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंच्या वेदोक्ताच्या, म्हणजे वेदमंत्रांनी संस्कार करण्याच्या हक्काच्या, तंट्यांचे इंधन आहे, आणि त्याची भाषाही त्या इंधनाला साजेशी कडक आहे. या विषयावर लिहिणारे सामान्यतः असे विचारतात की, अमुक काळी कोणते आचरण निषिद्ध होते आणि कोणते मान्य होते. मला हा प्रश्न अपुरा वाटतो. निषिद्धांच्या याद्या स्मृतिग्रंथांत हव्या तेवढ्या सापडतात, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक गोष्टी लोक बिनदिक्कत करीत आले आहेत. समाजाचा खरा आचारधर्म कळावयाचा असेल, तर बाहेर घातलेल्यास परत आत घेण्याचा अधिकार कोणाच्या हाती होता, ते पाहावे.

मराठेशाहीत या अधिकाराची रचना बरीच रेखीव होती. तंटा उठला म्हणजे गोतसभा भरे. तीत पाटील, कुलकर्णी, शेटे महाजन, बलुतेदार आणि त्या त्या जातीचे मेहेतरे बसत. साक्षी होत, आणि निर्णयाचा महजर लिहिला जाऊन त्यावर निशाण्या पडत. साक्षीपुराव्याने उलगडा झाला नाही तर दिव्याचा, म्हणजे ईश्वरी कसोटीचा, मार्ग होता. वादी जिंकला तर त्याने सरकारास हरकी द्यावी, हरला त्याने गुन्हेगारी द्यावी, म्हणजे न्यायाच्या दोन्ही अंगांनी सरकारच्या पदरात काही ना काही पडे, ही गोष्टही विसरून चालणार नाही. आचारभंगाचे प्रकरण असेल तर शास्त्र्यांकडून दोष ठरवून घेऊन प्रायश्चित्त सांगितले जाई. क्षौर, सचैल स्नान, पंचगव्यप्राशन, होम, गोदान किंवा त्याऐवजी ठरलेले द्रव्य, आणि ब्राह्मणभोजन, असा त्याचा क्रम असे. एवढे झाले तरी मनुष्य शुद्ध झाला असे कोणी मानीत नसे. शेवटी त्याने जातभाईंस जेवण घालावयाचे आणि त्यांनी त्याच्या पंक्तीस बसून ते जेवावयाचे, हा खरा निकाल होता. आणि तो झाल्याचा लेख म्हणजे शुद्धिपत्र. पापाचे क्षालन गोमूत्राने होते की होमाने, याविषयी शास्त्र्यांत मतभेद असतील. गावाच्या दृष्टीने ते शेजाऱ्याने उचललेल्या पहिल्या घासाने होई.

या सर्व रचनेच्या माथ्यावर राजसत्ता असे. फलटणच्या बजाजी निंबाळकरांस विजापुरी धर्मांतर घडल्यावर परत घेतले गेले ते शास्त्रार्थाने घेतले गेले हे खरे. परंतु शिवाजीमहाराजांनी आपली कन्या सखुबाई त्यांच्या मुलास, महादजीस, दिली, तेव्हा शुद्धिपत्रावर जो शिक्का बसला तो पुसण्याची छाती कोणत्या शास्त्र्यास होती? नेताजी पालकर औरंगजेबाच्या चाकरीत मुसलमान होऊन वर्षानुवर्षे काबूलकडे राहून आले आणि १६७६ साली त्यांचे शुद्धीकरण झाले, त्याचाही अर्थ तोच आहे. हे दोघे मोठे सरदार होते, तेव्हा त्यांच्यासाठी दार उघडणारच, असा आक्षेप येईल. म्हणून सामान्य माणसाचे उदाहरण पाहिले पाहिजे, आणि ते आपल्याला न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी दाखवून दिले आहे.

१९०० साली, म्हणजे मृत्यूपूर्वी थोडेच महिने, सातारकर छत्रपती व पेशवे यांच्या रोजनिशांवर रानड्यांनी जो निबंध वाचला, त्यात पुताजी बंडगर नावाच्या एका मराठ्याची हकीकत आली आहे. मोगलांनी त्याला कैद करून जबरीने बाटविले. वर्षभर त्यांच्यात काढल्यावर बाळाजी विश्वनाथाची फौज दिल्लीहून परत येत होती तीत तो येऊन मिळाला, आणि त्याच्या विनंतीवरून जातीच्या संमतीने व शाहूमहाराजांच्या मंजुरीने त्याला जातीत घेण्यात आले. हैदर अलीच्या कैदेत असताना जिवाच्या भीतीने मुसलमानी रीतीने वागल्याचा ज्याच्यावर संशय होता, असा रास्ते आडनावाचा एक कोकणस्थ ब्राह्मणही असाच परत आला. पुणतांबे आणि पैठण येथील दोन ब्राह्मण, एक फसवणुकीने गोसावी बनलेला आणि दुसरा रोग बरा होईल या आशेने गेलेला, अनुतापानंतर स्वीकारले गेले. या प्रत्येक दाखल्यात जातीची संमती आणि सरकारची मंजुरी अशा दोन्ही गोष्टींचा उल्लेख येतो, आणि माझ्या मते पेशवाईतील आचारव्यवस्थेचे सारे रहस्य या जोडीत आहे.

सरकारचा हात उदारच होता असे मात्र नव्हे. त्याच रोजनिशांत मद्यपानाच्या संशयावरून नाशिकच्या धर्माधिकाऱ्यांस, ते कबूल होईनात म्हणून, निरनिराळ्या किल्ल्यांवर कैदेत ठेवल्याची नोंद आहे; खेड तालुक्यातील एका श्रीमंत मराठा पाटलास दारू सोडण्याची ताकीद देऊन ती तो मानीना, तेव्हा त्याच्या इनाम जमिनीपैकी अर्धी जप्त झाली. कोळी, भंडारी इत्यादिकांस मात्र मोकळीक होती. एकच प्याला एकाला किल्ल्यावर नेई आणि दुसऱ्याच्या बाबतीत कोणाच्या ध्यानातही येत नसे. वाई प्रांतात मुलीचे पैसे घेऊन तिचे लग्न करणाऱ्या ब्राह्मणांस, पैसे देणाऱ्यांस आणि मध्यस्थांसही दंड ठरविला होता, आणि हा हुकूम आज वाचतानाही कोणाला मान डोलवावीशी वाटेल. सारांश, पेशव्यांचे सरकार लोकांच्या स्वयंपाकघरात, देवघरात आणि लग्नमंडपात निःसंकोच शिरत असे. त्याचा जाच होई, पण कोणी अन्यायाने बाहेर राहिला तर त्याची अर्जी घ्यावयास हुजुरात जागाही असे.

१८१८ साली पेशवाई गेली आणि ही जागा बंद झाली. कंपनी सरकारने दक्षिणेतील जातींचे रीतिरिवाज आर्थर स्टीलकडून मोठ्या कष्टाने लिहवून घेतले, आणि ज्या १८२७ साली ते पुस्तक निघाले त्याच साली एल्फिन्स्टनच्या कायदेसंग्रहातील दुसऱ्या रेग्युलेशनात असेही ठरवून टाकले की, जातीच्या प्रश्नांत दिवाणी कोर्टांनी हात घालू नये. बेकायदेशीर कृत्याने कोणाच्या जातीस व अब्रूस धक्का बसला असेल तर त्याच्या नुकसानभरपाईचा दावा तेवढा चालावा. परधर्मी राज्यकर्त्यांनी प्रजेच्या आचारविचारांपासून दूर राहावे, हे तत्त्व शहाणपणाचे दिसते, आणि त्या वेळी सर्वांना ते तसे वाटलेही. परिणाम मात्र असा झाला की, पूर्वी जातीची संमती आणि सरकारची मंजुरी अशा दोन किल्ल्यांनी जे कुलूप उघडत असे, त्याची एक किल्ली सरकारने समुद्रात फेकून दिली. यापुढे जात बाहेर घालू शके आणि तिच्यावर अपील नसे. इंग्रजी अमलात ग्रामण्ये सैल पडली असा जो समज आहे, तो निदान पहिल्या पन्नास-साठ वर्षांपुरता तरी मला खोटा वाटतो. राजाज्ञेचा लगाम गेल्यामुळे ती अधिक चिवट झाली.

याचा प्रत्यय १८४३ साली मुंबईत आला. नारायण आणि श्रीपत शेषाद्री परळीकर या दोघा भावांपैकी नारायण ख्रिस्ती झाला. धाकटा श्रीपत अल्पवयीन, तोही मिशनऱ्यांच्या घरी राहिलेला आणि त्यांच्यासोबत जेवलेला. बापाने कोर्टात धाव घेतली आणि कोर्टाने मुलगा बापाच्या स्वाधीन केला. येथे इंग्रजी न्यायाचे काम संपले. पण मुलगा घरी आला एवढ्याने तो जातीत आला असे थोडेच होते! ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनी या पोरास काशीस पाठवून प्रायश्चित्त देवविण्याची खटपट केली, तेव्हा मुंबईच्या ब्राह्मणवर्गात दोन तट पडले आणि ग्रामण्याचा रोख खुद्द बाळशास्त्र्यांकडे वळला. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी नेताजीला नऊ-दहा वर्षांनंतर परत घेता आले होते, पुताजीला एका वर्षानंतर. आणि या पोराचा अपराध काही दिवस मिशनऱ्यांच्या घरी अन्न घेण्यापुरता असूनही वाद मिटेना, कारण तो मिटला असे म्हणण्याचा अधिकार कोणाकडेच उरला नव्हता. शंकराचार्य होते, पण त्यांच्या पीठांपैकी कोणाची आज्ञा कोठवर चालते, हाही वादाचाच विषय होता.

शंकराचार्यांच्या बहिष्काराची धार पुढे १८६९ साली दिसली. विष्णुशास्त्री पंडितांच्या पुढाकाराने मुंबईस विधवाविवाह झाला, त्याच्या निमंत्रणपत्रिकेवर ज्यांनी सह्या केल्या त्यांना पंक्तिबाह्य ठरविण्यात आले. रानडे त्यांपैकी एक. ज्याने विवाह केला तो, ज्याने लावला तो, जे जेवले ते, इतकी मालिका पूर्वी होतीच. आता छापील कागदावरील नाव हाही दोष ठरला. मुद्रणकला आली म्हणजे जुन्या रूढी ढासळतात, असे आपण शाळेत शिकतो; ग्रामण्यास मात्र छापखान्याइतका मोठा मददगार त्या शतकात दुसरा मिळाला नाही.

पंचहौद मिशनचे चहाप्रकरण हा त्याचा कळस होय. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या वेताळ पेठेतील या मिशनमध्ये एका व्याख्यानास शहरातील पन्नासाच्या आसपास प्रतिष्ठित मंडळी गेली. रानडे होते, टिळक होते. सुधारक होते तसे सुधारकांचे कट्टर प्रतिपक्षीही होते. व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली. काहींनी चहा घेतला, काहींनी यजमानांचा मान राखण्यापुरता पेला हाती घेऊन खाली ठेवला, आणि सर्वजण आपापल्या घरी गेले. गोष्ट येथेच संपावयाची. त्या काळच्या पुण्यात याहून मोठे आचारभंग रोज होत, आणि ते कोण करतो हे सर्वांना ठाऊकही असे. पण या मेळाव्यास गोपाळराव जोशी, म्हणजे कैलासवासी डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, हजर होते, आणि जगाची खोड मोडण्याची त्यांना स्वभावतःच हौस होती. त्यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली.

नावे छापली गेली आणि काल जे कोणीच पाहिले नव्हते ते सर्वांनी पाहिले. हे बारकाईने लक्षात घेण्याजोगे आहे. सनातनी पक्षातील बहुतेकांस चहा कोणी घेतला याची कुणकुण आधीही लागली असेल. पण कानावर आलेल्या गोष्टीकडे कानाडोळा करता येतो, तशी सोय छापील यादीने ठेवली नाही. एकदा यादी चौकाचौकांत वाचली गेल्यावर, तिच्याकडे दुर्लक्ष करणारा आपणही दोषी ठरतो की काय, या भीतीने शेजारी, व्याही आणि भिक्षुक सावध झाले. समाजाला आचारभंग सहन होतो, त्याची वाच्यता सहन होत नाही, हे गोपाळरावांस पक्के ठाऊक असले पाहिजे. आणि सनातन्यांचा आचार व सुधारकांचे धैर्य या दोहोंचीही परीक्षा एका चहाच्या पेल्यात घेण्याची त्यांची युक्ती, तिचा हेतू कितीही खोडसाळ असो, इतिहासाच्या अभ्यासकास उपकारक झाली आहे.

प्रकरण शंकराचार्यांकडे गेले. त्यांनी चौकशीसाठी शास्त्र्यांचे कमिशन पाठविले, आणि कमिशनपुढे साक्षी, जबान्या, वकिली युक्तिवाद यांचा जो थाट झाला तो इंग्रजी कोर्टाच्या थेट वळणाचा होता. जुन्या गोतसभेची अक्षरओळख असलेला कोणी म्हातारा तेथे असता तर गोंधळून गेला असता. काहींनी आरंभीच प्रायश्चित्त घेऊन पाय मोकळे करून घेतले होते. टिळकांनी, आपण काशीस प्रायश्चित्त घेतले आहे, असे म्हणून मार्ग काढला. चहापानास सांगितलेले प्रायश्चित्त सौम्य होते, तरी ते घेतल्याने तंटा संपेना. घेतलेले प्रायश्चित्त पुरेसे आहे की नाही, कोणापुढे घेतले, ज्याने घेतले नाही त्याच्या पंक्तीस बसणाऱ्याचे काय, असे फाटे फुटत गेले आणि हा गोंधळ पुढे दोन-अडीच वर्षे पुरला.

शेवटी रानड्यांनीही प्रायश्चित्त घेतले. हायकोर्टाच्या न्यायासनाइतक्या मोठ्या जागेची ज्याची योग्यता सरकार ओळखून होते, त्या पुरुषाने चहाच्या पेल्याकरिता मान लववावी, हे त्यांच्या तरुण अनुयायांस फार झोंबले. त्यांच्या पत्नी रमाबाईंनी १९१० साली प्रसिद्ध केलेल्या आठवणींत या प्रसंगाची हकीकत आहे. स्वतःच्या सोयीसाठी नव्हे, तर सहकारी मित्रांच्या घरी चाललेली कुचंबणा संपावी म्हणून ते तयार झाले, हे तीवरून दिसते. आणि बाईंना स्वतःला ते किती लागले, हेही लपत नाही. रानड्यांवर भीरुतेचा आरोप करणाऱ्यांशी मी सहमत होऊ शकत नाही, पण त्यांचे पूर्ण समर्थनही मला जमत नाही. पुरुषांनी कचेरीत, क्लबात आणि सभेत आपला दिवस काढावा. बहिष्काराचा दिवस मात्र घरात उजाडतो आणि घरात मावळतो. सासुरवाशीण मुलगी माहेरी येऊ शकत नाही, मुलीचे लग्न अडते, घरच्या आईला हळदीकुंकवाचे बोलावणे येत नाही. मित्राच्या म्हाताऱ्या आईबापांच्या डोळ्यांतील पाणी हे रानड्यांच्या तत्त्वज्ञानाहून जड ठरले यात नवल नाही. पण त्या पाण्याचा उपयोग कसा करून घ्यावयाचा, हे ग्रामण्य करणाऱ्यांस आधीपासून ठाऊक होते.

धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली विधवेशी विवाह केला, तेव्हा त्यांच्या मुरूड गावाने हेच अस्त्र आणखी नेमके वापरले. कर्वे पुण्यास राहणारे, त्यांना वाळीत टाकून गावाला काय साधणार? म्हणून कर्वे ज्या सभेस येतील त्या सभेस कोणी बसू नये, आणि त्यांना घरी उतरवून घेतले तर त्यांच्या भावावर बहिष्कार पडावा, असे ठरले. शिक्षा अपराध्यास न करता त्याच्यावर माया करणाऱ्यास करावयाची, ही त्यातली खुबी.

आतापर्यंत सांगितलेल्या सर्व प्रकरणांत, कितीही छळ झाला तरी, एक वाट होती: क्षौर करा, पंचगव्य घ्या, जेवण घाला, आणि आत या. पंक्तीत ज्याला कधी बसूच दिले नव्हते त्याच्यासाठी ही वाट असण्याचे कारण नव्हते. २० मार्च १९२७ रोजी महाडास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्यांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले, तेव्हा सवर्णांनी प्रथम मारहाण केली, मग गोमूत्र वगैरे टाकून तळे शुद्ध करून घेतले. शुद्धी झाली ती तळ्याची. माणसांसाठी प्रायश्चित्त सांगण्याचा विचारही कोणाच्या मनात आला नाही. त्यानंतर पंधरवड्यातच, ३ एप्रिलला, ‘बहिष्कृत भारत’ निघाले. मुंबई सरकारने १९२८ साली नेमलेल्या स्टार्ट कमिटीने, जिचे आंबेडकर एक सभासद होते, १९३० च्या अहवालात स्पष्ट लिहिले की, अस्पृश्यांनी आपला हक्क बजावला की त्यांना जमिनीवरून काढणे, मजुरी बंद करणे, वाट अडविणे, वाण्याने जिन्नस न विकणे, असे बहिष्काराचे शस्त्र गावोगाव वापरले जाते, आणि कारण पुष्कळदा एखाद्याने सार्वजनिक विहिरीवर पाणी भरले किंवा जानवे घातले एवढेच असते. येथे ग्रामण्याची जुनी अवजारे सर्व आहेत. शुद्धिपत्र तेवढे नाही. जातीच्या आतला बहिष्कार माणसाला वळवून परत आणण्यासाठी होता, हा तर वर आलेल्यास खाली ढकलण्यासाठी. दोहोंना एकाच नावाने ओळखण्याची आपली सवय मला फार दिशाभूल करणारी वाटते.

कायद्याने बहिष्काराच्या चालीस हात घातला तो हप्त्याहप्त्याने. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने जातिबाह्य झालेल्याचा वारसाहक्क वाचविला. पंक्तीला त्याने स्पर्श केला नाही. १९४९ साली मुंबई राज्याने बहिष्कृत करण्यासच बंदी केली, परंतु दाऊदी बोहरांच्या धर्मगुरूंनी त्याविरुद्ध दाद मागितली आणि १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने, धर्मपंथाला आपला कारभार पाहण्याचा हक्क आहे, या आधारावर तो कायदा रद्द ठरविला. १८२७ च्या रेग्युलेशनाहून हा तर्क फार दूर गेलेला नाही. मग महाराष्ट्र विधिमंडळाने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा मंजूर केला आणि पुढल्या वर्षी तो अमलात आला; त्यात बहिष्कार घालणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगितले आहेत. या कायद्याची मागणी पुढे आली तेव्हा रायगड जिल्ह्यातील गावकीने वाळीत टाकलेल्या कुटुंबांच्या तक्रारी पोलीस ठाण्यांत येत होत्या. त्यांतील दोषारोप पाहिले तर चहा, समुद्रपर्यटन किंवा विधवाविवाह त्यांत कोठे नाही: गावकीने ठरविलेल्या उमेदवाराविरुद्ध ग्रामपंचायतीची निवडणूक लढविली, गावकीचा दंड भरला नाही, गावातला तंटा गावाबाहेर नेला, अशी कारणे आहेत. आणि प्रायश्चित्तही बदलले आहे. दंड भरा, माफी मागा, पोलिसांतली फिर्याद मागे घ्या, म्हणजे तुम्हाला गावात घेऊ, असे गावकीचे पंच सांगतात.